माझ्या कुलपावर

प्रिय खारूताई,

पाकिटावरचा पत्ता बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत, शेवटापर्यंत वाच, म्हणजे कळेल. तुझं पत्र माझ्या जुन्या खोलीवर गेलं होतं. तिथे शेजारी राहणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ते शर्टाच्या खिशात घातलं, विसरला, धुवायला काढताना त्याला सापडलं आणि मग इकडच्या गाडीवर ड्युटी लागली तेव्हा आणून दिलं. अर्धी शाई पसरली होती, पण तुझं अक्षर मला डोळे मिटूनही वाचता येईल. बाकी पत्राला डिझेलचा वास येत होता आणि ड्रायव्हरने ते वाचलंही असणार, कारण देताना म्हणाला, “बहीण हुशार आहे रे तुझी, तुझ्यावर नाही गेली.”

फोन करता आला असता, पण आपला फोन म्हणजे आईचा फोन, आणि आई स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. तूही पत्रच लिहिलंस, म्हणजे तुलाही ते आईसमोर विचारायचं नव्हतं. “दादा, खरं खरं सांग, तिथे कसं असतं?” या एका ओळीखाली तू दोन रेघा मारल्यास. कॉलेजने तुला ट्रेनिंगसाठी नेमका माझाच बिस्किटाचा कारखाना दिला, आई आधी नाही म्हणत होती, इतक्या लांब एकटी पोर पाठवायची नाही म्हणत होती, आणि मग “दादा आहे ना तिथे” म्हणून तयार झाली, हे सगळं वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. माझ्या नावावर कुणी कशाला तयार झालं, असं आपल्या घरात आजवर झालं नव्हतं. नंतर ते पत्र उशाखाली ठेवलं आणि बरेच दिवस उत्तर लिहायला बसलोच नाही. आज बसलोय. चुका काढायच्या असतील तर काढ, पण आईसमोर नको.

आधी तू विचारलेलं सांगतो. काय आणू, विचारतेस. जाड मोजे आण, भरपूर. बूट तिथे देतात पण ते आधी कुणीतरी घातलेले असतात आणि तुझ्या मापाचे नसतात. ओढणी नको, सैल बाही नको, हातात काही नको. केस बांधून टोपीत कोंबायचे. कानात घालायला कापूस आण, कारण आवाज असा असतो की शेजारच्याशी बोलायला कानात तोंड घालावं लागतं, आणि घरी आल्यावर आपण सगळ्यांवर उगाच ओरडतो. वासाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. व्हॅनिला, तूप, साखर, सगळं गरम गरम. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं नाक वर करून म्हणतात काय नशीबवान आहेत आतले. तुला आठवतं, आपल्याकडे पाहुणे आले की आई पुडा फोडायची आणि आपण दोघं दाराआडून मोजत बसायचो, ते किती उचलतात. तू एकदा त्या मामांच्या बशीवर नजर लावून असं बघितलंस की त्यांनी अर्धं बिस्किट परत ठेवलं. आता ते बिस्किट समोर आलं तर मी मान फिरवतो. शर्ट दोनदा धुतला तरी वास राहतो. बसमध्ये लहान पोरं माझ्याकडे वळून बघायची.

तू पेन्सिली कुरतडायचीस म्हणून तुझं नाव खारूताई पडलं, आणि मी एका जागी बसायचो नाही म्हणून मास्तरांनी मला बाकाच्या कडेला बसवलं, उठायला सोपं जावं म्हणून. एक दिवस उठलो तो उठलोच. त्यानंतर गॅरेज झालं, रंगकाम झालं, मंडपवाला झाला, तू तर सगळ्यांचा हिशोब ठेवला असशील. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे टिकेल तर शपथ. कारखान्यात मात्र मी टिकलो होतो, खारूताई. मला स्वतःलाच नवल वाटायचं. दर काही महिन्यांनी ठेकेदार आम्हाला ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे आठवडाभर घरी बसवायचा आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचा. कुणी सलग कामाला आहे असं दिसू नये म्हणून. सारखा सारखा नवा होऊन मी तिथला जुना झालो होतो.

आता तुझ्यासारख्यांचं सांगतो. ट्रेनिंगला आलेल्या पोरापोरींना कार्ड देत नाहीत. कार्ड म्हणजे कामगार, कामगार म्हणजे पगार आणि बाकीची लफडी. म्हणून गेटवर पाहुण्यांचं रजिस्टर असतं ना, भेटायला येणाऱ्यांचं, त्यात रोज सही करायची आणि गळ्यात ‘पाहुणा’ लिहिलेला बिल्ला घालायचा. महिनोन्‌महिने पाहुणा. आम्हीही त्यांना पाहुणेच म्हणायचो. “काय पाहुणे, मुक्काम वाढला का?” “पाहुणे, जरा ही पोती उचला, लाजू नका.” पोरं हसायची. पहिल्या आठवड्यात वहीपेन घेऊन यायची, दुसऱ्यात वही ट्रंकेत जायची. माणसं कमी असतील तिथे पाहुणे. आज भट्टीवर, उद्या पॅकिंगला, परवा संडास तुंबला तर तिथेही. तुमचे सर मध्ये एकदा येतात, सगळ्यांना पांढरे डगले घालून मशीनपुढे उभं करतात, फोटो काढतात आणि जाताना बिस्किटांचा खोका घेऊन जातात. आणि कुणी कुरकुर केली तर ऑफिसातली बाई गोड आवाजात म्हणते, “सर्टिफिकेट हवंय ना?” संपलं. त्या एका वाक्यापुढे मी भल्या भल्या उंच पोरांना खांदे पाडून परत येताना पाहिलंय.

माझं काम मिक्सरवर होतं. तुझ्या पुस्तकात असेलच तो. आपल्या स्वयंपाकखोलीएवढी एक लोखंडी परात समज, खोल, आत फिरणारे जाड हात. एका चवीचा माल संपून दुसऱ्या चवीचा सुरू करायचा असला की आत उतरून चिकटलेलं पीठ खरवडून काढावं लागतं. मिक्सर वर, लोखंडी मचाणावर. त्याच्या विजेचा खटका खाली, भिंतीवरच्या पेटीत. खालून वरचा माणूस दिसत नाही, आणि आवाज तर ऐकूच येत नाही. म्हणून कुलूप. प्रत्येक कामगाराला स्वतःचं लाल कुलूप मिळतं, त्यावर पत्र्याच्या बिल्ल्यावर त्याचं नाव. खटका पाडून वीज बंद करायची, त्याच्या भोकात आपलं कुलूप अडकवायचं, किल्ली गळ्यात घालायची आणि मग आत उतरायचं. तुझं कुलूप तिथे आहे तोवर कुणी खटका वर करूच शकत नाही. आमच्या म्हाताऱ्या मुकादमाने पहिल्या दिवशी किल्ली माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाला, “गड्या, ही बायकोला दे, पोराला दे, पण आत असताना प्रत्यक्ष देव आला तरी देऊ नको. त्याला म्हणावं, थांब, आलो वर.” मी त्या म्हाताऱ्याच्या बऱ्याच गोष्टी या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या, ही राहिली.

पण कुलूप मिळतं ते कार्डावर. पाहुण्याला कार्ड नाही, म्हणून कुलूपही नाही. आणि आत उतरायला पाठवतात पाहुण्यांनाच, कारण ती पोरं बारीक असतात आणि नाही म्हणत नाहीत. तेव्हा आमच्यात एक रीतच पडून गेली होती. पाहुणा आत उतरायचा तो जवळच्या कामगाराच्या कुलपावर. मुकादम मचाणावर चढून, मिक्सरमध्ये वाकून ओरडायचा, “कुणाच्या कुलपावर आहेस रे?” आणि आतून उत्तर यायचं, “दादाच्या!” मी असलो की दादाच्या. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी आजवर कुणाला काही दिलं नव्हतं, पण माझ्या कुलपावर कुणीतरी बिनघोर आत बसून पीठ खरवडतंय, याचं मला बरं वाटायचं.

त्यातला एक होता, त्याला आम्ही प्रोफेसर म्हणायचो. जाड भिंगाचा चष्मा, तो आत पिठाने भरून जायचा आणि मग तो चाचपडत वर यायचा. तुझ्याच कोर्सचा, दुसऱ्या कॉलेजचा. जेवताना मला मशीनवरच्या इंग्रजी पाट्या वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पाटीचा शेवट स्वतःच्या मनाने करायचा, “हात घालू नये, घातल्यास कंपनी मोजून परत देईल.” घरी एकटी आई, ती शिवणकाम करते. माझ्या डब्यातली भाजी खायचा आणि बदल्यात तुझ्याबद्दल विचारायचा नाही, म्हणून मला आवडायचा.

त्या दिवशी दुपारी तो आत होता, माझ्या कुलपावर. मी खाली पाण्याची नळी जोडायला उतरलो तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस आला. हा नेहमी टोपी घालतो, म्हणून टोपीवाला. म्हणाला, “गेटवर चल, सही करायचीय.” मला वाटलं, नव्या कराराची सही असेल, मुदत संपतच आली होती. म्हटलं दोन मिनिटांत येतो परत, खटका पाडलेला आहे, कुलूप लावलेलं आहे, किल्ली गळ्यात आहे. गेलो. गेटबाहेरच्या खिडकीवर सही केली, ती कामावरून सुटल्याची होती. अर्ध्या लोकांना त्या दिवशी काढलं, पाहुण्यांची नवी तुकडी येणार म्हणून. टोपीवाला म्हणाला, “हेल्मेट, बूट, कार्ड, कुलूप, सगळं जमा कर.” मी म्हटलं कुलूप खटक्यावर आहे, वर पोरगा आहे, त्याला बाहेर काढतो आणि आणून देतो. तर म्हणे, “कुठला पोरगा?” यादी काढली, बोट फिरवलं. “मिक्सरवर तुझ्याशिवाय कुणाचं नाव नाही.” नसणारच ना. पाहुणे कामगारांच्या यादीत कशाला असतील? मी म्हटलं, अहो पाहुणा आहे तो. तर हसला. “जाताना सगळ्यांनाच कुणीतरी आत असल्याचं आठवतं.” आणि फोनवर स्टोअरला म्हणाला, “एक कुलूप राहिलंय मिक्सरवर, माणूस गेलाय. कापून टाका, माल अडलाय.”

मी कार्ड लावलं तर गेट उघडेना. बंद केलं होतं त्यांनी. वॉचमन ओळखीचा, त्याच्या पोराच्या वाढदिवसाला जेवलोय मी, पण तो नुसता मान हलवत राहिला, “मला नाही उघडता येत रे, मला नाही उघडता येत.” किल्ली माझ्या गळ्यात, मी रस्त्यावर, प्रोफेसर आत, आणि कुणीतरी मोठी कात्री घेऊन त्या पेटीकडे निघालेलं. खारूताई, मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणांहून पळालोय, पण कुठल्या ठिकाणाकडे असा पळालो नव्हतो. भिंतीला वळसा घालून मागे गेलो. तिथे ट्रकमधून मैद्याची पोती उतरवतात आणि ती एका चालत्या पट्ट्यावरून खिडकीतून आत जातात. मी दोन पोत्यांमध्ये आडवा झालो. हमाल खो खो हसत होते, “अरे, हे कसलं पोतं आलं बघा! याला फोडू नका, आतून किडे निघतील!” मी पांढराफटक होऊन आत पडलो आणि उठून धावलो.

स्टोअरवाल्या काकांनी कात्रीचे दात कुलपाच्या दांडीवर रोवले होते आणि दोन्ही मुठींवर जोर देत होते. मी कात्रीसकट त्यांना मिठी मारली. ते घाबरून ओरडले, भूत बघितल्यासारखे, आणि मी दिसतही तसाच असणार. मी वर बोट दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग मचाणाच्या कडेवर आधी दोन हात, मग पिठाने भरलेला चष्मा दिसला, प्रोफेसर शिडीने खाली आला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “झालं दादा, चकाचक. पण पीठ मी काढलं, तुला कसं लागलं?” काका खाली बसले. कात्री हातातून सुटेना, बोटं वळली होती. कितीतरी वेळ तेच तेच म्हणत राहिले, “कुलपावर तुझं नाव रे. तू गेलास म्हणजे आत कुणी नाही, असंच धरतात रे.” वाईट माणूस नाही तो. तिथे तसंच धरतात.

मग पुढचं तुला ऐकून बरं वाटणार नाही, मलाही लिहून वाटत नाहीये. मला धरून ऑफिसात नेलं. चौकशी झाली ती एवढीच, की काढलेला माणूस आत कसा शिरला. प्रोफेसरला बोलावलं. त्याच गोड आवाजाच्या बाईने त्याच्यापुढे कागद ठेवला, त्यावर त्याच्या नावाने लिहिलं होतं, “मी त्या वेळी मिक्सरमध्ये नव्हतो, बाहेर उभा होतो.” त्याच्या ट्रेनिंगचे थोडेच दिवस राहिले होते. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला, आणि चष्मा न घालताच सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आला. कारखान्यात राहिलेला माझा डबा आणला होता. घासून, पुसून, आत कोरडं फडकं घालून. दारातच उभा राहिला, डबा माझ्या हातात दिला आणि निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी तू असतीस तर मी स्वतः तुला म्हटलं असतं, कर सही.

माझा फोटो त्यांनी गेटवर लावलाय, घुसखोर म्हणून. आसपासच्या कारखान्यांतही गेलाय म्हणे, कारण जिथे गेलो तिथे वॉचमन आधी माझ्याकडे आणि मग भिंतीकडे बघायचा. म्हणून इतक्या लांब आलो. इथे बसच्या डेपोत गाड्या धुतो. पाणी गार असतं, पण कसला वास येत नाही. आईला खरं सांगू नकोस. तिला म्हण, दादाने नेहमीप्रमाणे काम सोडलं, कंटाळला असेल. ती कपाळावर हात मारेल, दोन दिवस बडबडेल आणि विसरेल. भिंगरीचा एवढा तरी उपयोग होऊ दे. पण मी तिथे नाही हे कळलं तर ती तुला पाठवणार नाही, हेही मला कळतं. तिला ते सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरव.

“येऊ नकोस” असं एक पत्र मी याआधी लिहिलं होतं. फाडलं. तू आली नाहीस तर डिप्लोमा अडकेल, आणि त्याच्या जागी मी तुला काय देणार, बस धुवायचा ब्रश? ड्रायव्हर सांगत होता की मुकादमालाही घरी बसवलं, आणि आता तिथे असा हुकूम आहे की कामगाराने आपलं कुलूप दुसऱ्यासाठी लावायचं नाही. म्हणजे पाहुणे आता कुणाच्याच कुलपावर नसतात. नुसता खटका पाडतात आणि आत उतरतात. म्हणून या पत्रासोबतचं हे जड पुडकं. उघडलंस की लाल कुलूप आणि त्याची किल्ली दिसेल. त्यांनी मागितलं तेव्हा मी म्हटलं, मैद्यात पडलं कुठेतरी, शोधा. दांडीवर कात्रीचा दात उमटलाय, बोट फिरवलंस तर लागेल, पण ते धड आहे, मी पुन्हा पुन्हा लावून बघितलंय. बिल्ल्यावरचं माझं नाव दगडाने घासून काढलंय, तिथे तुझं लिही, खिळ्याने, खोल. तुला आत उतर म्हणतील तेव्हा आधी हे लाव. म्हणतील, पाहुण्यांना कुलूप चालत नाही. म्हणतील, सर्टिफिकेट हवंय ना. तेव्हा तू काय करशील ते मला इथे बसून सांगता येत नाही, आणि रोज गाड्या धुताना मी तेवढाच विचार करत असतो. फक्त एवढं ऐक. दुसऱ्या कुणाच्या कुलपावर आत जाऊ नकोस, तो कितीही माझ्यासारखा दादा असला तरी. आणि किल्ली एकच आहे. दुसरी करून घेऊ नकोस.

तुझाच,
गेटबाहेरचा
दादा